तिखटमिठाच्या पेस्ट्रीचे लोणी पाघळते, तळ ओला राहतो, पदर सुटत नाहीत: कारणे आणि ऐनवेळचे उपाय

घरी पापुद्र्यांची पेस्ट्री करायला घेतली की मळण्यापासून भाजण्यापर्यंत कुठेतरी घोटाळा होतो, आणि तो दर खेपेला वेगळ्या रूपात समोर येतो. कधी भाजायला ठेवल्यावर दहा मिनिटांतच ट्रेमध्ये लोण्याचे तळे साचते. कधी वरून सोनेरी दिसणारी पेस्ट्री उलटून पाहिल्यावर तळाला पांढरी आणि चिकट निघते. कधी रंग उत्तम येतो, पण पदर एकमेकांना घट्ट धरून राहतात आणि तोंडात वातड तुकडा येतो. या तीन स्वतंत्र चुका आहेत असा माझा बराच काळ समज होता. पुढे प्रत्येक खेपेचे वजन, लोण्याची अवस्था, ओट्याचा गारवा आणि ओव्हन तापवण्याचा वेळ वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा लक्षात आले की तिन्हींचे मूळ बव्हंशी एकच आहे: उष्णता पोहोचते त्या क्षणी लोणी आणि पाणी जिथे असायला हवेत तिथे ते नसतात.

त्याच नोंदींतून दुसरी गोष्ट उमगली, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. मध्येच बिघडलेल्या पिठाकडून मूळचाच पदार्थ करवून घेण्याचा हट्ट धरला, तर तो बहुतेक वेळा पूर्ण वाया जातो. परंतु या अवस्थेतील पिठाचे आता काय होऊ शकते हे ओळखून त्याला एक पायरी खाली उतरवले, तर ताटात वाढण्याजोगे काहीतरी निश्चित तयार होते. पुढील सर्व उपाय याच दृष्टीने लिहिले आहेत.

पदर सुटतात ते कसे

पिठाच्या गोळ्यात लोण्याचा सपाट थर ठेवून तो लाटला आणि तीनपदरी घडी घातली, की लोण्याचे थर तिप्पट होतात. अशी घडी सहा वेळा घातली तर लोण्याचे ७२९ थर तयार होतात. घरच्या कामाला चार घड्यांचे ८१ थरही पुरतात, आणि ओटा गार नसेल तर चारवर थांबणेच शहाणपणाचे असते. लोण्यात साधारण ८० ते ८२ टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्या भागात मुख्यतः पाणी असते. ओव्हनमध्ये हे पाणी आणि पिठातील पाणी यांची वाफ होते. वाफ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा व्यापते, त्यामुळे ती वरचा थर उचलून धरते. वितळलेले लोणी दोन थरांना एकमेकांना चिकटू देत नाही. आणि साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे पिठातील पिष्ट फुगू लागते, त्यापाठोपाठ प्रथिने घट्ट होतात व उचललेले थर आहेत तिथेच पक्के होतात.

यातून दोन अटी निघतात. लाटताना लोणी थर म्हणून टिकले पाहिजे, पिठात मुरून जाता कामा नये. आणि ओव्हनमध्ये लोणी वाहून जाण्याआधी पीठ पक्के झाले पाहिजे. पहिली अट हाताच्या आणि ओट्याच्या गारव्यावर अवलंबून आहे, दुसरी ओव्हनच्या कडक तापण्यावर. बहुतेक अपघात यांपैकी एक अट मोडल्यामुळे होतात, म्हणून कोणती मोडली हे आधी शोधावे.

निदान

बिघडलेली पेस्ट्री लगेच टाकून देऊ नये. धारदार सुरीने ती मधोमध कापावी आणि काप उजेडात पाहावा. ट्रेमध्ये लोणी साचले असेल आणि कापात पदरच दिसत नसतील, तर भाजण्यापूर्वीचे पीठ कसे होते हे आठवावे: ते पिवळसर, मऊ आणि ओशट झाले असेल तर दोष लाटण्याच्या वेळचा आहे. उलट, कच्चे पीठ पांढरे, गार आणि कडेला लोण्याच्या स्पष्ट रेघा दाखवणारे होते, तरीही लोणी वाहिले, तर ओव्हन पुरेसा तापलेला नव्हता. एकच बाजू फुगली आणि दुसरी दबलेली राहिली, तर सुरी बोथट होती, किंवा वरून लावलेले अंडे कापलेल्या कडेवरून ओघळले आणि त्याने थर तिथेच चिकटवले. आकार आक्रसून लहान झाला असेल, तर पिठाला विश्रांती मिळालेली नाही. वरचे पदर छान सुटले आहेत पण खालचे दोन-तीन कच्च्या लगद्यासारखे आहेत, तर सारणातील पाणी किंवा खालून कमी मिळणारी उष्णता यांकडे पाहावे.

निदानात घाई होते ती बहुधा ओव्हनला दोष देण्यात. माझ्या वहीतील नोंदींप्रमाणे अधिक वेळा दोष लाटतानाच घडलेला होता, आणि ओव्हनने तो फक्त उघड केला.

लाटताना लोणी पाघळू लागले तर

थरांसाठी लोणी साधारण १३ ते १६ अंशांवर असावे. थर्मामीटर नसेल तर बोटाने दाबून पाहावे: ठसा उमटला पाहिजे, पण बोट ओशट होता कामा नये, आणि लोण्याची पट्टी वाकवली तर ती न तुटता वाकली पाहिजे. १० अंशांखाली लोणी ठिसूळ होते आणि लाटण्याखाली त्याच्या कपच्या उडतात. २० अंशांच्या पुढे ते पिठात मिसळू लागते. नेमका गारवा जितका महत्त्वाचा, तितकाच लोणी आणि पीठ यांचा कडकपणा सारखा असणेही महत्त्वाचे आहे. मऊ पिठात कडक लोणी घातले तर ते पीठ फाडून बाहेर येते, आणि कडक पिठात मऊ लोणी घातले तर ते कडेने निसटते.

ओटा तापलेला असेल तर एका ट्रेमध्ये बर्फ पसरून तो ट्रे दहा मिनिटे ओट्यावर ठेवावा, मग ओटा कोरड्या फडक्याने नीट पुसावा. मळण्याआधी कोरडे पीठही फ्रिजमध्ये गार करून घेता येते, आणि हा उपाय फार लोक वापरत नाहीत याचे मला आश्चर्य वाटते, कारण मिश्रणातील सर्वात मोठा वाटा पिठाचाच असतो. लाटण्याऐवजी गार पाण्याने भरलेली, बाहेरून कोरडी काचेची बाटली वापरली तर लाटता लाटता पीठ गारही होत राहते. लोणी पिठाला भोक पाडून वर आले, तर त्या जागी चिमूटभर कोरडे पीठ भुरभुरून ते हलक्या हाताने थोपटावे, घडी घालावी आणि पीठ २० ते ३० मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे. ते गार करण्यासाठी फ्रीझरमध्ये विसरून ठेवले तर उलटा त्रास होतो: लोणी आत कडक होते आणि पुढच्या लाटण्याला त्याचे तुकडे पडतात. तसे झालेच तर पाच-दहा मिनिटे ते बाहेर ठेवावे, आणि लाटणे न फिरवता लांबीच्या दिशेने ठरावीक अंतराने दाबत न्यावे, म्हणजे तुकडे पुन्हा सलग होतात.

आता तो प्रसंग घेऊ ज्यात उशीर झालेला आहे. पीठ पिवळसर दिसते, लाटण्याला चिकटते, हाताला ओशट लागते. इथे अजून एक घडी घालून पाहण्याचा मोह टाळावा. पिठाचा काही भाग अजून पांढरा असेल, तर ते तासभर गार करावे, लाटावे, त्यावर गोठवलेले लोणी ३० ते ४० ग्रॅम किसून पसरावे आणि फक्त दोन घड्या घालाव्यात. पदर मोजके पण खरे मिळतात. चीज लावून पिळलेल्या काड्या, पातळ चौकोन किंवा उघड्या तोंडाच्या पेस्ट्रीसाठी ते पुरेसे असतात.

लोणी पूर्णपणे मिसळून गेले असेल, तर त्या पिठाला खुसखुशीत पिठाच्या पायरीवर उतरवावे. त्याचा हिशोब सोपा आहे. समजा, मूळ प्रमाण २५० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम लोणी आणि १२५ मिलिलिटर पाणी असे होते. खुसखुशीत पिठात पिठाच्या निम्म्या वजनाचे मोहन लागते, म्हणजे २०० ग्रॅम लोण्याला ४०० ग्रॅम पीठ हवे. तेव्हा १५० ग्रॅम मैदा आणि त्या मानाने मीठ घालून, मळण्याऐवजी बोटांनी ते मिसळून घ्यावे. वेगळे पाणी घालू नये. आधीचे पाणी ४०० ग्रॅम पिठाला पुरते. हा गोळा चपटा करून, झाकून तासभर गार ठेवला आणि तीन मिलिमीटर जाडीचा लाटला, की त्याची टार्टची, म्हणजे उघड्या तोंडाच्या सारणभरल्या पेस्ट्रीची, उत्तम वाटी होते. लोणी आणि पीठ वाचते, आणि खाणाऱ्याला आधी काय ठरले होते हे कळण्याचे कारण उरत नाही.

हवा इतकी गरम असेल की लोणी हाताळणेच अशक्य आहे, तर सुरुवातीपासूनच वेगळी वाट धरावी. एक वाट साट्याची: ५० ग्रॅम मऊ स्निग्ध पदार्थात २५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर घालून तो हलका होईपर्यंत फेसावा, पातळ लाटलेल्या तीन-चार चकत्यांवर लावून त्या एकावर एक रचाव्यात, घट्ट गुंडाळी करून तुकडे कापावेत आणि ते हलक्या हाताने लाटावेत. यात वाफेने उचलले जाण्याचा भाग कमी असल्यामुळे पेस्ट्री फार उंच होत नाही, पण पापुद्रे स्पष्ट सुटतात. दुसरी वाट गरम पाण्याच्या पिठाची. १३० मिलिलिटर पाण्यात ११० ग्रॅम स्निग्ध पदार्थ घालून उकळावा, तो मीठ मिसळलेल्या ३०० ग्रॅम मैद्यावर ओतावा, चमच्याने ढवळावा आणि हात लावता येईल इतपत निवाल्यावर मळून कोमट असतानाच त्याला आकार द्यावा. या पिठाला गारव्याची गरजच नसते. उलट ते थंड झाले की तडे जातात. त्याचे कवच दणकट होते आणि पुष्कळ सारण पेलते, मात्र सारण भरण्याआधी आकार दिलेली वाटी थंड होऊन ताठ झालेली असावी.

तळ ओला राहणे

या तक्रारीवर सर्वाधिक वेळ घालवणे योग्य आहे, कारण येथे एकच दोष क्वचित असतो. पाणी वरून येते आणि उष्णता खालून कमी पडते, अशी दोन्ही बाजूंनी अडचण होते.

आधी पाणी. मशरूम, पालक आणि टोमॅटो यांच्या वजनापैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग पाणी असते आणि कांदाही त्यांच्या फार मागे नाही. सारण कढईत कोरडे दिसते, पण मीठ लागल्यावर आणि पुन्हा तापल्यावर भाज्या उरलेले पाणी सोडतात. म्हणून मशरूम मोठ्या आचेवर, कढईत गर्दी न करता, त्यांनी सोडलेले पाणी पूर्ण आटून तळाशी चरचर आवाज येईपर्यंत परतावेत. पालक वाफवून, गार करून मुठीत घट्ट पिळावा, आणि पिळून झाला असे वाटल्यावर फडक्यात घालून पुन्हा एकदा पिळावा. टोमॅटोच्या बिया व त्याभोवतीचा गर काढून टाकावा. सारण पसरट ताटलीत निवू द्यावे. खोलगट भांड्यात झाकून निववले तर झाकणावरचे पाणी त्यातच पडते. कोमट सारण भरणे ही छोटी वाटणारी पण महागात पडणारी चूक आहे, कारण ते भाजण्याआधीच आतून लोणी वितळवते.

सारण ओलेच राहिले आणि पाहुणे दारात आहेत, अशा वेळी त्यात दोन मोठे चमचे ब्रेडचा कोरडा चुरा, भाजलेला रवा किंवा उकडून कुस्करलेला बटाटा मिसळावा. यांपैकी बटाटा मला सर्वात विश्वासाचा वाटतो, कारण तो पाणीही धरतो आणि चवीत अडथळाही आणत नाही. त्याशिवाय पिठाच्या तळावर अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ हात फिरवावा किंवा किसलेल्या कडक चीजचा थर पसरावा. दोन्ही थोडा वेळ पाण्याला अडवतात, आणि तो थोडा वेळच महत्त्वाचा असतो. दूध-अंड्याचे पातळ सारण असेल तर मात्र हे पुरत नाही. तिथे वाटी आधी रिकामी भाजलीच पाहिजे: कागद घालून, वर वजन ठेवून १९० अंशांवर १५ मिनिटे, मग वजन काढून आणखी पाच ते सात मिनिटे, तळ कोरडा आणि फिकट बदामी होईपर्यंत.

मग उष्णता. जाड धातूचा ट्रे रिकामाच ओव्हनच्या खालच्या कप्प्यात तापवावा आणि पेस्ट्रीचा साचा त्या तापलेल्या ट्रेवर ठेवावा. गडद रंगाचा धातू उष्णता चांगली शोषतो. चकचकीत साचा ती बरीच परावर्तित करतो. काच आणि चिनी माती सावकाश तापतात, म्हणून तशा भांड्यात तळ कच्चा राहण्याची शक्यता अधिक. बंद पेस्ट्रीला वर दोन-तीन चिरा द्याव्यात, नाहीतर सारणाची वाफ आतच राहते आणि खाली मुरते.

पेस्ट्री भाजून झाल्यावर तळ ओला आढळला तरी काम संपलेले नसते. सुटी पेस्ट्री जाड तव्यावर मंद आचेवर, झाकण न ठेवता तीन ते पाच मिनिटे ठेवावी. तळ कोरडा झाल्याचे तव्याला लागणाऱ्या खरखरीत आवाजावरून कळते. टार्ट साच्यात असेल तर वर ॲल्युमिनियमची फॉइल सैल झाकून, तो सर्वात खालच्या कप्प्यातील तापलेल्या ट्रेवर १८० अंशांवर आठ-दहा मिनिटे ठेवावा. आणि सारणाचे पाणी अक्षरशः तरंगत असेल, तर ते चमच्याने बाहेर काढावे, कढईत आटवावे, रिकामी वाटी तोवर पुन्हा भाजून कोरडी करावी आणि वाढण्याच्या वेळी दोन्ही एकत्र आणावे. दूध-अंड्याचे सारण जमलेले असेल तर हा उपाय लागू पडत नाही. बाकी भाज्यांच्या सारणाला तो चोख बसतो.

ओव्हनचा दगा

पापुद्र्यांची पेस्ट्री २०० ते २२० अंशांवर भाजायला सुरुवात करावी. ओव्हन १६० अंशांवर असेल तर लोणी वाहून जायला भरपूर वेळ मिळतो. तापल्याचा दिवा लागला म्हणजे ओव्हन तापला असे मानू नये. आतील हवा लवकर तापते, भिंती आणि ट्रे नंतर, म्हणून दिवा लागल्यावर आणखी दहा-पंधरा मिनिटे थांबावे. बटणावरील आकडा आणि आतील तापमान यांत तफावत असू शकते, आणि ती शोधण्यासाठी ओव्हनमध्ये ठेवायचे साधे थर्मामीटर पुरते. कोणता कोपरा जास्त तापतो हे पाहायचे असेल तर ट्रेभर ब्रेडचे काप मांडून ते १८० अंशांवर भाजावेत; कापांचा रंग म्हणजेच ओव्हनचा नकाशा. पंख्याची सोय चालू असेल तर तापमान साधारण २० अंशांनी कमी ठेवावे. पहिली १५ मिनिटे दार उघडू नये.

भाजता भाजता वीज गेली किंवा गॅस संपला, तर दार बंदच ठेवावे. तापलेल्या भिंती काही मिनिटे काम पुढे नेतात. पेस्ट्री फुगून तिच्यावर रंग येऊ लागला असेल, तर ती पक्की झालेली आहे, आणि मिळेल त्या शेगडीवर जाड बुडाच्या झाकणाच्या भांड्यात मंद आचेवर तिचे भाजणे पूर्ण करता येते. शेवटी झाकण काढून तळ कोरडा करावा. ती फुगण्याआधीच उष्णता गेली असेल तर पदरांची आशा सोडावी, पेस्ट्री तव्यावर हलकी दाबून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावी. सारणात मांस, अंडे किंवा दूध असेल आणि अर्धवट भाजलेली पेस्ट्री दोन तासांहून अधिक वेळ कोमट अवस्थेत राहिली असेल, तर ती खाऊ नये. इथे काटकसरीचा विचार मनात आणू नये.

वरचा भाग करपू लागला आणि आत कच्चे असेल, तर फॉइल सैल झाकून तापमान १७० ते १८० अंशांवर आणावे. करपलेले वरचे एक-दोन पापुद्रे सुरीच्या पात्याने अलगद निघतात, आणि पदरांच्या पेस्ट्रीला ही सवलत मिळते हे ध्यानात ठेवावे.

ऐनवेळी वस्तू नसल्यास

अंडे नसेल तर वरून दूध किंवा साय लावावी. दुधात चिमूटभर साखर विरघळवली तर रंग अधिक चांगला येतो. कड जोडायला साधे पाणीही चालते, मात्र ते बोटाने पुसट लावावे, कारण जास्त पाण्याने कड घसरते. वाटी रिकामी भाजताना वजनासाठी कोरडी कडधान्ये किंवा तांदूळ वापरावेत. ते नंतर शिजवण्याजोगे राहत नाहीत, परंतु त्याच कामासाठी पुन्हा पुन्हा वापरता येतात, म्हणून बरणीत वेगळे ठेवावेत. भाजण्याचा कागद नसेल तर ट्रेला लोणी लावून पीठ भुरभुरावे. मेणकागद मात्र ओव्हनमध्ये कधीही घालू नये, कारण त्याचे मेण वितळते.

साचा नसल्याचे वाईट वाटून घेण्याचे काहीच कारण नाही. पीठ गोल लाटून मध्ये सारण ठेवावे, कड चार-पाच सेंटिमीटर आत दुमडत मुरड घालत जावी आणि ट्रेवर तशीच भाजावी. तळ ट्रेला थेट टेकत असल्यामुळे तो साच्यातल्यापेक्षा अधिक कोरडा होतो, हा माझा अनेक खेपांचा अनुभव आहे, आणि आता साचा असतानाही मला हीच पद्धत अधिक आवडते.

लोणी कमी पडले तर उरलेल्या भागासाठी घट्ट वनस्पती तूप किंवा भाजण्यासाठीचे मार्जरिन चालते. कमी स्निग्धांशाचे पावाला लावायचे मिश्रण मात्र चालत नाही. त्यात पाणी फार असते आणि लाटताना ते चिखलासारखे पसरते. नुसत्या तेलाचे पीठ खुसखुशीत होते, त्याचे थर होत नाहीत, म्हणून तेल हाताशी असेल तर उंच पेस्ट्रीचा विचार न करता टार्टचा करावा. मैद्याऐवजी चुकून बेकिंग पावडर मिसळलेले पीठ वापरले गेले, तर पदर मऊ आणि केकसारखे होतात; त्यात किसलेले चीज घालून जाड चकत्या कापाव्यात आणि गरमगरम वाढाव्यात. सगळा मैदा नसेल तर एक तृतीयांशापर्यंत गव्हाचे पीठ घालता येते, त्याला पाणी थोडे जास्त लागते.

आक्रसणे, वातडपणा आणि फुटणे

मैद्यातील प्रथिने पाणी आणि मळणे यांमुळे एकमेकांत गुंतून लवचिक जाळे तयार करतात. हे जाळे ताणलेल्या अवस्थेत भाजले की ते आखडते. म्हणून दर दोन घड्यांनंतर पिठाला ३० मिनिटे आणि आकार दिल्यावर आणखी २० मिनिटे गारव्यात विश्रांती द्यावी. मळताना एक चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घातल्यास पीठ अधिक सहज ताणले जाते. उरलेल्या कातरणांचा गोळा करू नये. त्या एकावर एक रचून लाटाव्यात, म्हणजे थर आडवेच राहतात.

पेस्ट्री फुटून सारण बाहेर येण्याचे कारण बहुतेक वेळा हाव हेच असते. दहा सेंटिमीटरच्या चौकोनाला एक मोठा चमचा सारण पुरते. कडेला सेंटिमीटरभर जागा कोरडी ठेवावी, काट्याच्या टोकांनी ती दाबावी आणि भाजण्याआधी १५ ते २० मिनिटे गार करावी. लवकर वितळणारे चीज तुकड्यांऐवजी किसून, बटाट्यात किंवा ब्रेडच्या चुऱ्यात मिसळून घालावे.

मीठ घालायचे राहिले असेल तर शेवटच्या घडीआधी लाटलेल्या पिठावर बारीक मीठ सारखे भुरभुरावे. २५० ग्रॅम मैद्याला एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, हे प्रमाण धरावे. मीठ दुप्पट पडले असेल तर घड्यांच्या पिठातून ते काढता येत नाही. अशा वेळी सारण पूर्ण बिनमिठाचे करावे आणि पीठ नेहमीपेक्षा पातळ लाटावे.

पुढच्या खेपेची तयारी

ऐनवेळची धावपळ टाळण्यासाठी मला सर्वाधिक उपयोगी पडलेला उपाय म्हणजे पेस्ट्री कच्चीच गोठवून ठेवणे. आकार देऊन, पूर्ण थंड सारण भरून, त्या ट्रेवर एकमेकींना न चिकटता मांडाव्यात, कडक झाल्यावर हवाबंद पिशवीत भराव्यात आणि पिशवीवर तारीख लिहावी. गोठलेली पेस्ट्री घरी लाटलेल्या ताज्या पेस्ट्रीपेक्षाही अनेकदा उंच फुगते, कारण ओव्हनमध्ये जाताना तिच्यातील लोणी शक्य तितके कडक असते. भाजण्याआधी ती बाहेर काढून ठेवू नये. बाहेर ठेवल्यास तिच्यावर दव जमते, कड सैल पडते आणि ज्यासाठी ती गोठवली तो फायदाच निघून जातो. फ्रीझरमधून काढावी, वरून दूध किंवा अंडे लावावे, चिरा द्याव्यात आणि पूर्ण तापलेल्या ओव्हनमध्ये थेट तापलेल्या ट्रेवर ठेवून नेहमीपेक्षा पाच ते आठ मिनिटे अधिक भाजावी.